अण्णांची शुगर आणि माझी पीएच.डी.

ही गोष्ट मी सहसा कुणाला सांगत नाही. आज तुम्ही सगळी घरच्यासारखीच माणसं चहाला बसलाय म्हणून सांगते, पण माझ्या कॉलेजात पोहोचवू नका. मी तिथं बायोकेमिस्ट्री शिकवते. प्रोटीन हा माझा विषय, पीएच.डी. त्याच्यावरच केली. दर वर्षी पहिल्या तासाला मी पोरांना सांगते, बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा की प्रोटीनचं काम त्याच्या आकारात असतं. दोरीसारखी लांब साखळी असते, ती ठरलेल्या पद्धतीनं दुमडते, तिची नीट घडी बसते आणि मग ती शरीरात आपलं काम करते. घडी मोडली की संपलं. साखळी तीच, वजन तेवढंच, पण उपयोग शून्य.

हे मी वीस वर्षं शिकवतेय. आता घरात मी काय केलं ते ऐका.

माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, मूळचे दौलताबादकडचे. तलाठी म्हणून रिटायर झाले आणि सासूबाई गेल्यावर आमच्याकडं मुकुंदवाडीला राहायला आले. बोलणं अगदी मोजकं. डायबेटिस जुना होता, त्यामुळं सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी स्वतःच्या हातानं इन्शुलिन टोचून घ्यायचे. त्यांच्या थोरल्या भावाचा पाय शुगरनं गुडघ्याखालून काढावा लागला होता. ते त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. म्हणून पथ्याला एकदम कडक.

तेव्हा शहराचं नाव औरंगाबादच होतं आणि लोडशेडिंगचे दिवस होते. एप्रिल लागला की दिवसातले सहा-सहा तास लाईट जायची. मला एकच घोर. इन्शुलिन म्हणजे प्रोटीन, उष्णतेनं प्रोटीनची घडी मोडते, आणि बाहेर बेचाळीस डिग्री. अण्णांच्या तीन बाटल्या फ्रीजच्या दारात ठेवलेल्या असायच्या. लाईट गेली की मी फ्रीजला हात लावून बघायची. कॉलेजात वर्गावर असले तरी डोक्यात त्या तीन बाटल्याच.

मग एके दिवशी मला सुचलं. आमच्या लॅबमध्ये एन्झाइम कुठं ठेवतात? डीप फ्रीजरमध्ये. एन्झाइम म्हणजे काय? प्रोटीनच. मग घरी आले, बाटल्या खोक्यांतून काढल्या, कारण खोकी जागा खातात, आणि रुमालात गुंडाळून वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून दिल्या. खोकी कचऱ्यात टाकली. त्या खोक्यांवर काय छापलेलं असतं ते वाचायची मला काय गरज? मी डॉक्टरेट घेतलेली बाई. त्या दिवशी मला फार शांत वाटलं, हे मुद्दाम सांगते.

चालू बाटली संपली की मी वरच्या कप्प्यातली काढायची, खाली ठेवून ती पातळ झाली की अण्णांच्या हातात द्यायची. पहिली बाटली दिली आणि चार दिवसांनी अण्णा म्हणाले, "सुनीता, ह्यात कणी दिसतीया बघ."

मी प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "अण्णा, ते असंच असतं. तळहातावर फिरवून घ्या."

"फिरवलं की."

"मग अजून फिरवा."

अण्णा बाटली घेऊन आत गेले.

आठवडाभरात त्यांची शुगर वाढायला लागली. आधी दोनशे, मग अडीचशे, मग घरातल्या मशीनवर तीनशेच्या वर. माणूस तांब्यावर तांबे पाणी प्यायला लागला. चेहरा उतरला, सदरा अंगावर लोंबायला लागला. डॉक्टरांनी डोस वाढवला. पंधरा दिवसांनी पुन्हा वाढवला. फरक काहीच नाही. माझं मन कशातच लागेना. मी ताटाकडं बघायची आणि हिशोब जुळेना. एक भाकरी, वरण, मेथी, काकडी. एवढ्यावर तीनशे कशी होईल?

डॉक्टर मला म्हणाले, "पेशंट लपून गोड खात असेल तर मी तरी काय करणार?"

झालं. हा विचार माझ्या डोक्यात आपोआप आलाच नसता असं नाही, पण डॉक्टरांनी बोलून दाखवला आणि मला तो पुराव्यासारखा वाटला. आंब्याचे दिवस होते. मी आंब्याची पेटी उचलून कपाटात ठेवली आणि किल्ली पर्समध्ये. गुळाच्या डब्याला बाहेरून पेनानं खूण केली. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला जाऊन सांगितलं की अण्णा आले तर त्यांना बिस्कीटसुद्धा द्यायचं नाही. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, अण्णा फक्त पेपर वाचायला येतात." मला वाटलं, यालाही अण्णांनी फितवलं.

विलास, माझा नवरा, कंपनीत शिफ्टला जायचा. त्याला मी सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. त्यानं जालन्याला बहिणीला फोन केला. मग तिचा अण्णांना फोन. मी शेजारीच उभी. पलीकडून तिचा आवाज मला ऐकू येत होता. "अण्णा, या वयात जिभेवर ताबा नाय ठेवता येत का? वहिनीला किती त्रास." अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

तुम्हाला वाटेल, तेव्हा तरी मला वाईट वाटलं असेल. वाटलं, पण ते असं की बघा, पकडले गेले म्हणून गप्प आहेत.

आता अण्णा रोज अकराला रिक्षानं उस्मानपुऱ्याला जायचे. तिथं त्यांचे जुने दोस्त रशीदभाई, त्यांचं टेलरिंगचं दुकान. अण्णा पैठण रोडच्या एका गावात तलाठी होते तेव्हापासूनची दोघांची ओळख. दुकानात दोन तास बसायचं, पेपर वाचायचा, परत यायचं. आणि दुकानाला लागून काय होतं? मिठाईचं दुकान. आता सांगा, मी संशय घेऊ नको तर काय करू?

एका बुधवारी मी कॉलेजातून अर्धी रजा टाकली आणि अण्णांच्या मागं उस्मानपुऱ्यात गेले. रस्त्याच्या पलीकडं उसाच्या रसाची गाडी होती. तिच्या आडोशाला उभी राहिले. नुसतं उभं कसं राहणार म्हणून रस मागवला. एक झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला रसवाला म्हणाला, "ताई, सावलीत बसा, चक्कर येईल." पोटात तीन ग्लास रस आणि नजर दुकानावर.

साडेअकराच्या सुमाराला रशीदभाईंनी मागच्या पडद्याआडून एक काचेचा ग्लास आणला आणि अण्णांच्या हातात दिला. हिरवट, घट्ट. मला लांबूनच कळलं, पिस्त्याची लस्सी.

मी रस्ता कसा ओलांडला मला आठवत नाही. दुकानाच्या पायरीवर उभी राहून म्हणाले, "अण्णा, तो ग्लास खाली ठेवा."

शिलाईमशीन थांबलं. एक गिऱ्हाईक पँटचं माप द्यायला उभं होतं, ते तसंच हात वर करून राहिलं. अण्णांनी ग्लास टेबलावर ठेवला. त्यांचा चेहरा असा झाला की तो मी अजून विसरले नाही.

"महिनाभर आम्ही जिवाचं रान करतोय," मी म्हणाले, "आणि तुम्ही इथं येऊन हे पिताय? तुमच्या दादांचा पाय आठवा जरा. आणि रशीदभाई, तुम्हाला स्वतःला शुगर आहे, तुम्ही तरी समजून घ्यायचं होतं."

रशीदभाईंनी चष्मा काढला. "बेटी, पैले अंदर आओ. धूप में से आ रहे तुम. बैठो. अब वो गिलास उठाओ और एक घूँट पी के देखो."

"मला नको."

"नको नै. पी के देखो."

मी प्यायले. कारल्याचा रस होता. नुसता, मीठसुद्धा नाही. उसाच्या तीन ग्लासांवर कारलं गेलं आणि माझ्या तोंडाचं जे झालं ते बघून मापवाला माणूस हळूच बाहेर निघून गेला.

"रोज एक गिलास," रशीदभाई म्हणाले. "मेरी घरवाली बनाती. पंधरा दिन हो गए."

मी अण्णांकडं बघितलं. ते जमिनीकडं बघत बोलत होते. "घरी मागायला लाज वाटली. तू शिकलेली, असलं काय मानत नाय. आणि तुम्ही समदे म्हणताय मी खातो. मी तर काय खात नाय. मग म्हणलं, माझंच शरीर आता दगा देतंय. दादाचा पाय गेला तसा माझा बी जाणार. कुणाला सांगू? ह्यालाच सांगितलं."

आणि मग अण्णांनी खिशातून ओल्या रुमालात गुंडाळलेली बाटली काढली. "ही ह्याला दाखवायला आणली आज. ह्यात कणी हाय. मी तुला म्हणलं होतं."

रशीदभाईंनी बाटली उजेडात धरली. मग उठले, कोपऱ्यात मातीची एक लहानशी कुंडी होती, त्यात पाणी, वर ओलं फडकं. त्यांच्याकडं फ्रीज नव्हता, त्यांचं इन्शुलिन त्या कुंडीत थंड राहायचं. त्यांनी आपली बाटली काढली, तळहातावर फिरवली आणि दोन्ही बाटल्या माझ्यापुढं धरल्या. त्यांची दुधासारखी एकसारखी. आमची म्हणजे नासलेलं दूध. खाली पाणी, काचेला चिकटलेले पांढरे कण.

"बर्फ में रखे थे क्या?" त्यांनी विचारलं.

मी त्या बाटलीकडंच बघत राहिले.

"मेडिकलवाले ने मेरेकू पैलेच दिन बोला था. ठंडे में रखो, बर्फ में नक्को. जम गई तो गई." त्यांनी बाटली पुन्हा हलवून बघितली. "देखो ना. कपडा वोइच है, सिलाई उधड गई."

मी इतकी वर्षं जे फळ्यावर लिहीत होते ते या माणसानं एका वाक्यात सांगितलं. आणि त्याच क्षणी मला लॅबमधल्या बाटल्या आठवल्या. त्यात ग्लिसरीन घातलेलं असतं, म्हणून त्या डीप फ्रीजरमध्येही गोठत नाहीत. हे मी परीक्षेत विचारते. पाच मार्कांना.

"सुनीता," अण्णा म्हणाले, "म्हंजे मी महिनाभर काय टोचून घेत होतो?"

"अण्णा," मी म्हणाले, "इन्शुलिनचा आकार नीट असला तर ते पेशीवरच्या त्याच्या जागेत बरोबर बसतं, आणि मग साखर रक्तातून आत जाते. हे गोठलं, त्याची घडी मोडली, त्याचे गोळे झाले. ते कुठं बसेना. साखर बाहेरच राहिली. पाणीच टोचत होता म्हणा."

"आणि बर्फात ठेवलं कुणी?"

"मी."

अण्णांनी फक्त "हं" केलं. जोरात बोलले असते तर बरं झालं असतं.

रिक्षात बसल्यावर मला आणखी एक गोष्ट लक्षात आली. आधी वाटलं होतं, मेडिकलमधून नवी बाटली घ्यायची, टोचायची, सुटलो. पण डॉक्टरांनी डोस दोनदा वाढवला होता, तो या नासक्या औषधावर. चांगल्या इन्शुलिनचा तेवढा डोस अण्णांना गेला असता तर शुगर धाडकन खाली येऊन माणूस जागेवर पडला असता. मी रिक्षावाल्याला म्हणाले, मेडिकल नको, आधी दवाखान्यात चला. महिनाभरात मी केलेली शहाणपणाची गोष्ट ती एवढीच.

आमचे नेहमीचे डॉक्टर गावाला गेले होते. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर बसला होता, आम्हाला न ओळखणारा. मी त्याला खरं ते सगळं सांगितलं, फक्त मी कोण ते सांगितलं नाही. त्यानं बाटली बघितली, रक्त-लघवी तपासून घेतली, अण्णांचे पाय नीट दाबून बघितले.

"पाय चांगले आहेत," तो म्हणाला. "वेळेत आलात. जुन्या डोसनं सुरू करू, रोज शुगर मोजा, चार दिवसांत खाली येईल."

आणि खरंच, चौथ्या दिवशी ती दीडशेवर आली. जालन्याला फोन करून नणंदेला सगळं मी स्वतः सांगितलं, आंब्याची पेटी कपाटातून काढली. पण ते नंतरचं. त्या दुपारी चिठ्ठी लिहून झाल्यावर डॉक्टरानं पेन खाली ठेवलं आणि एकदा अण्णांकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. घामानं भिजलेली, पदर खोचलेली, तोंड कारल्यासारखं झालेली बाई त्याच्यापुढं उभी होती.

"बाबा," तो अण्णांना अगदी सावकाश म्हणाला, "या गोष्टी तुम्हाला समजायला जरा अवघड जातील. घरात कुणी सायन्स शिकलेलं आहे का? त्यांना पाठवून द्या. प्रोटीन म्हणजे काय, ते गोठवायचं का नाही, मी नीट समजावून सांगतो."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. महिनाभरात पहिल्यांदाच त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"नाय साहेब," ते म्हणाले. "आमच्या घरात तसं कुणी नाय."

आणि मी, डॉक्टर सुनीता, मान खाली घालून म्हणाले, "व्हय साहेब, कुणीच नाय."