रुइश्याची मोकळी पट्टी

फंग रुइश्याला एक चूक हवी होती. लहान असती तरी चाललं असतं, पण खरी हवी होती.

सोमवारी फान साहेबांनी तिला काचेच्या खोलीत बोलावून पडद्यावर एक आराखडा दाखवला. चिपमध्ये कोणती तार कुठून न्यायची, कोणता ट्रान्झिस्टर कोणाशेजारी बसवायचा, हे रंगीत पट्ट्यांनी मांडलेलं असतं, तो आराखडा. रुइश्याचा जन्मभराचा उद्योग तोच. असा एक पुरा करायला तिला महिना लागायचा. हा मात्र नव्या सॉफ्टवेअरने सकाळी बसून दुपारच्या जेवणाआधी करून ठेवला होता.

"ताई, शुक्रवारपर्यंत नीट तपासा," फान साहेब म्हणाले. हुद्द्याने वर, पण वयाने लहान. म्हणून ताई म्हणत. "चांगला असेल तर चांगला म्हणा. वरच्यांना तुमचा शब्द हवाय. मग ते ठरवतील, या विभागात माणसं किती ठेवायची ते."

ती बाहेर आली तेव्हा विभागातल्या पाचही जणी माना वळवून बघत होत्या. शेजारच्या टेबलावरच्या यिचुनने गेल्याच वर्षी कर्ज काढून घर घेतलं होतं. तिनेच तोंड उघडलं. "कसा आहे पाहुणा?"

"देखणा आहे."

"असू दे देखणा. खोट असणारच कुठेतरी. शोधा हो ताई, आम्हा सगळ्यांचा जीव तुमच्या डोळ्यांत अडकलाय."

आणि रुइश्या शोधायला बसली. बाहेर तैवानातल्या शिंचू शहराचा वारा खिडक्या खडखडवत होता. जेवणाचा डबा उघडायची आणि तसाच मिटायची. अशी बारकाईने तर तिने स्वतःची कामंही कधी तपासली नव्हती. एकेक पट्टी, एकेक जोड. सगळं जागच्या जागी. संध्याकाळी यिचुन नुसत्या भुवया उडवून विचारायची, आणि रुइश्या मान हलवून नाही म्हणायची.

तिची आई चहाच्या मळ्यांतली गाणी-नाटकं करणाऱ्या, हाक्का समाजाच्या नाटकमंडळीत नायिका होती. रुइश्या पडद्यामागे पोशाखांच्या पेटाऱ्यांवर झोपत मोठी झाली. झांजांच्या दणदणाटातही तिला झोप लागे, आणि प्रयोग संपून शांत झालं की जाग येई. पण आईने तिला रंगभूमीवर पाऊल टाकू दिलं नाही. "रंगच लावायचे असतील तर कागदाला लाव, तोंडाला नको," म्हणाली आणि नकाशे काढायच्या शाळेत घातलं.

तिथून ती चिपच्या धंद्यात आली, तेव्हा काय दिवस होते! सरळ रेघ मारता येणाऱ्या मुलींना कंपन्या हाताला धरून नेत. आराखडे खोलीभर मोठ्या कागदांवर छापून जमिनीवर अंथरायचे, बूट काढून त्यांवर रांगायचं, रंगीत पेन्सिलींनी चुका शोधायच्या. कुणी तरी गायचं, कुणी तरी भाजलेल्या शेंगा वाटायचं. तिथेच ऊ सर भेटले. सर आता नाहीत, पण तिचा हात त्यांनी घडवला.

बुधवारी चूक सापडली.

आराखड्याच्या डाव्या अंगाला, ट्रान्झिस्टरच्या एका नाजूक जोडीशेजारी, मोकळी पट्टी सोडलेली होती. काहीही नसलेली, गरजेपेक्षा रुंद. चिपमध्ये मोकळी जागा म्हणजे उधळपट्टी. रुइश्याला वाटलं, ओरडावं. तिने यिचुनकडे मानही वळवली. आणि तशीच थांबली.

पट्टी तिच्या ओळखीची होती.

फार वर्षांपूर्वी शेजारच्या तारेच्या गडबडीने एक चिप बिघडली होती. तेव्हा ऊ सर म्हणाले होते, "रुइश्या, इथे श्वासापुरती जागा ठेवत जा." ती ठेवत गेली. पुढे चिपा बनवायची रीतच बदलली, ती जागा कशालाच लागेना. पण हाताला सवय लागलेली. तिचं बघून पाच जणींनी उचललं. आणि सॉफ्टवेअरला शिकवलं होतं ते या सहा जणींचेच जुने आराखडे दाखवून.

रात्रीच्या जेवणाला आईने तांदळाच्या रुंद शेवया केल्या होत्या. रुइश्या काड्यांनी त्या नुसत्या इकडून तिकडे करत होती. शेवटी तिने सगळं सांगितलं. म्हातारी हसून हसून बेजार झाली.

"अगं, हे तर माझ्या पायासारखं झालं! एका जत्रेत माझा घोटा मुरगळला. तसाच प्रयोग रेटला, जरा लंगडत. समोर बसलेल्या नव्या पोरींना वाटलं, नाटकातल्या चहावालीची चालच ती. आजही चूतुंग गावच्या देवळापुढे पोरी लंगडतात आणि लोक टाळ्या पिटतात."

"मग तू सांगितलं नाहीस त्यांना?"

"मला विचारलं कुणी?" आईने तिच्या वाटीत कोंबडीचा तुकडा टाकला. "तू पण गप्प राहा. यंत्र चुकलं, एवढंच सांग. पाय कुणाचा होता, ते कशाला सांगतेस?"

रुइश्याला तो सल्ला पटला. शुक्रवारी जाताना वाटभर ती तेच वाक्य घोकत होती. यंत्र जागा फुकट घालवतं. यंत्र जागा फुकट घालवतं.

काचेच्या खोलीत तिने ते म्हटलंही. फान साहेबांचा चेहरा पडला. "एवढी मोठी चूक? मग याचा भरवसा काय धरायचा? कशामुळे करत असेल हे?"

इथेच गप्प बसायचं होतं. नटाला कधीकधी पुढचं वाक्य समोर दिसत असतं आणि जीभ दुसरंच बोलून जाते, तसं झालं.

"माझ्यामुळे. ती माझी सवय आहे. आता तिची गरज नाही."

"एवढंच ना?" साहेबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी सॉफ्टवेअरला दोन ओळी लिहिल्या आणि चहा मागवला. चहा संपायच्या आत नवा आराखडा पडद्यावर होता. पट्टी गेली होती, आणि सगळी मांडणी तेवढी आवळून बसली होती. इतका नेटका आराखडा रुइश्याने उभ्या जन्मात काढला नव्हता. तिने वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, पुन्हा फिरवली. साहेब वाट बघत होते.

"चांगला आहे," ती म्हणाली.

"अशा आणखी सवयी असतील ना तुमच्या? त्या सांगायला तुम्ही हव्यात. तुमच्यासाठी मी वर शब्द टाकतो."

"आणि बाकीच्या?"

फान साहेबांनी रिकामा पेला उचलला, आत बघितलं आणि परत ठेवला.

ती बाहेर आली. यिचुन उभीच होती. "सापडली का?"

"सापडली."

"बघा! मी म्हणत नव्हते?" यिचुनने टेबलावर थाप मारली. पलीकडच्या चौघी हसत उठल्या. "आज सगळ्यांना माझ्याकडून खाणं. ताई, तुम्हाला काय मागवू?"

"यिचुन, ती दुरुस्तही झाली."

"कधी?"

"आत्ताच. माझ्यासमोर."

मोबाइल यिचुनच्या हातातच राहिला. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"चांगला आहे म्हणाले."

पलीकडच्या चौघी उभ्या होत्या तिथेच थबकल्या. यिचुन हळूहळू खाली बसली.

"चांगला नाही, असं म्हणता आलं असतं ना, ताई?"

"आलं असतं," रुइश्या म्हणाली.