टॅग मफी, माल मफी

सानिका, ईशान,

या संबंध बहरीन बेटावर, कुणी सांगितलं हे सांगितल्याशिवाय एकही वाक्य न बोलणारा माणूस एकच होता, आणि तो आपल्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत होता. तुम्ही त्यांना गोदामवाले काका म्हणायचात. तुम्ही जुफैर सोडून मेलबर्नला गेलात त्याला तीन वर्षं झाली, तेव्हा त्यांची खिशाला चार पेनं लावलेली मूर्ती तुम्हाला आठवत असेल. बाकीचं मी सांगते. आत्ताच का, तर गेल्या महिन्यात दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. काका बहरीन सोडून कायमचे नागपूरकडच्या आपल्या गावी, उमरेडला गेले. आणि सानिका, तुझा प्रोजेक्ट बाईंनी परत केला. ‘हे कुठून घेतलंस?’ असं वर लिहून. तू फोनवर रडवेली होऊन म्हणालीस, “बट आजी, एव्हरीबडी नोज दॅट!” त्या वाक्याने मला दोन रात्री नीट झोप लागली नाही. का, ते शेवटी कळेल. तुम्हाला वाचायला जड गेलं तर बाबाकडून वाचून घ्या, पण त्याला मधली पानं गाळू देऊ नका.

काका तुमच्या आजोबांच्या कंपनीत स्टोअरकीपर होते. मीना सलमान बंदराजवळ कंपनीचं गोदाम आहे. दुरुस्तीला आलेल्या जहाजांचे सुटे भाग तिथे ठेवतात. त्या गोदामातल्या प्रत्येक वस्तूला सुतळीने बांधलेला एक तपकिरी पुठ्ठ्याचा टॅग असे, आणि टॅगवर चार रकाने: काय, कुठून, कोणी, केव्हा. ज्याला टॅग नाही ती वस्तू काकांच्या लेखी जगातच नव्हती. इथल्या बोलीत ‘नाही’ला मफी म्हणतात. काकांचा सगळा धर्म चार शब्दांत मावत असे: “टॅग मफी, माल मफी.” एकदा कंपनीचे मोठे साहेब आपला थर्मास गोदामात विसरले. दुसऱ्या दिवशी आणायला माणूस पाठवला, तर काकांनी दिला नाही. साहेब स्वतः आले तेव्हा थर्मासला टॅग लागला होता. ‘काय: थर्मास, एक. कुठून: माहीत नाही. कोणी: एक साहेब म्हणतात माझा आहे. पुरावा: आत चहा, साखर कमी.’ साहेबांना मधुमेह होता म्हणून थर्मास सुटला, असं आजोबा अजूनही सांगतात.

ही सवय गोदामाच्या दाराशी थांबली असती तर ती नोकरी झाली असती. पण काका दर शुक्रवारी सकाळी सुट्टीच्या दिवशी आपल्याकडे पोहे खायला येत, तेव्हा ती त्यांच्यासोबत लिफ्टने वर येई. दारात “जय भीम, मॅडम” म्हणून बूट काढले की पहिलं वाक्य हवामानाचं. “आज धूळ येणार जी. मी नाही म्हणत. गेटवरचा ड्रायव्हर म्हणून राहिला, सकाळी सहा वाजता. आणि त्याला त्याच्या गुडघ्यानं सांगितलं.” म्हणजे गुडघ्यापर्यंत माग काढल्याशिवाय त्यांना चैन नाही. पोह्यांची बशी पुढे ठेवली की ते आजोबांकडे बघून म्हणत, “पोहे छान आहेत, असं साहेब म्हणून राहिले. मी अजून खाल्ले नाहीत.” मग एक घास खाऊन, “हो, बरोबर आहे त्यांचं.” मग डबीतून स्वतःची झणझणीत तर्री काढून माझ्या पोह्यांवर ओतत आणि खरं मत चेहऱ्यावर दाखवत. मला त्यांनी दिलेल्या जवसाच्या चटणीच्या बरणीलाही टॅग होता. ‘कुठून: उमरेड. कोणी: बहिणीनं केली, भाच्यानं विमानानं आणली. केव्हा: होळीच्या आधी.’ आजोबा म्हणायचे, “अहो, तुमच्या लग्नातही हाराला टॅग होता का?” काका गंभीरपणे म्हणाले, “हाराला नव्हता जी. सासऱ्याच्या घड्याळाला होता. दुकानदारानं काढला नव्हता.”

आता माझी गोष्ट. मी तेव्हा इथल्या भारतीय शाळेत चौथीला शिकवत होते. अकरा वर्षं झाली. मुलांना ‘बहरीनचे मोती’ असा प्रोजेक्ट दिला होता. एकतीस मुलांचे एकतीस प्रोजेक्ट आले आणि एकतिसांच्या दुसऱ्या परिच्छेदात एकच वाक्य होतं, त्यातल्या एकाच चुकीसकट. एका मुलाने तर सुंदर वळणदार अक्षरात शेवटी लिहिलं होतं, ‘अधिक वाचण्यासाठी येथे क्लिक करा.’ संदर्भ म्हणून कुणी ‘गूगल’ लिहिलं होतं, कुणी ‘मम्मी’, एकाने ‘एचपी लॅपटॉप, काळा.’ मी नीटनेटकी बाई. फळ्यावर आखून लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, पान, सगळं समजावलं. नऊ वर्षांची मुलं माझ्याकडे अशी बघत राहिली, जशी आपण विमानातल्या सुरक्षेच्या सूचनांकडे बघतो.

त्या शुक्रवारी मी पोहे परतताना हेच दुःख उगाळत होते. काकांनी एक वही मागून घेतली, चष्मा नाकावर ओढला आणि एका वाक्यावर बोट ठेवलं.

“हे कोणी आणलं?”

“कोणी म्हणजे? इंटरनेटवरून घेतलं असेल.”

“इंटरनेट तर बंदर झालं, मॅडम. बंदरातून सगळंच येते. बंदरात कोणी आणलं?”

ते वही मिटून म्हणाले, “पोरांचा काही दोष नाही जी. तुम्ही त्यांना माल आणा म्हटलं, टॅग दिलेच नाहीत.”

पुढच्या आठवड्यात ते इस्त्रीचा शर्ट घालून, एक तासाची रजा काढून शाळेत आले. हातात टॅगचा जाड गठ्ठा आणि खिशात तीन बोल्ट. बोल्ट टेबलावर मांडून, ‘चला’ला इथे यल्ला म्हणतात तो शब्द नागपुरी हिंदीला जोडून म्हणाले, “यल्ला बच्चालोग, बताओ, जहाज में कौनसा लगाऊँ?” सगळ्या मुलांनी सर्वांत चकचकीत बोल्ट दाखवला. काकांनी मान हलवली आणि टॅग बांधलेला मळकट बोल्ट उचलला. “हा लावणार. तो चमकून राहिला, पण कुठून आला ठाऊक नाही. जहाज समुद्रात गेलं आणि बोल्ट तुटला, तर मी कोणाला विचारू? समुद्राला?” मग त्यांनी सांगितलं, “प्रत्येक वाक्य म्हणजे एक बोल्ट. ज्यानं उचलला, त्यानं टॅग बांधायचा.”

त्यानंतर पंधरा दिवस माझा वर्ग म्हणजे मीना सलमानचं गोदाम झाला होता. ‘मोती शिंपल्यात तयार होतो. कुठून: लायब्ररीतलं निळं पुस्तक, पान बारा.’ इथपर्यंत ठीक. ‘समुद्राचं पाणी खारट असतं. कुठून: मी स्वतः. कोणी आणलं: लाट. केव्हा: शनिवारी.’ एका मुलीच्या वडिलांचं मुहर्रकमध्ये दुकान होतं. तिने शेजारच्या म्हाताऱ्या बहरीनी आजोबांना गाठून, त्यांचे वडील नाकाला चिमटा लावून कसे बुडी मारायचे ते लिहून आणलं, आणि टॅगवर लिहिलं, ‘कुठून: दारातल्या बाकावरून.’ अजून कुठल्याही पुस्तकात मी इतका पक्का संदर्भ पाहिलेला नाही. एका आईचा मात्र तक्रारीचा फोन आला. दूध प्यायलं की उंची वाढते म्हटल्यावर मुलगा टॅग मागत होता, आणि वडील पाच फूट तीन इंच असल्यामुळे पुरावा घरात मिळत नव्हता.

प्रदर्शन फार गाजलं. मुख्याध्यापकांनी लायब्ररीत एक मोठा बोर्ड लावला: ‘टॅग पद्धत. संकल्पना आणि मांडणी’, आणि त्याखाली फक्त माझं नाव.

मुलांनो, मी तो बोर्ड सकाळी साडेसात वाजता वाचला. प्रदर्शन नऊला उघडणार होतं. दीड तास होता. मनात म्हटलं, सांगू नंतर. दुपारी मुख्याध्यापकांनी सर्वांसमोर कौतुक केलं, तेव्हाही म्हटलं, नंतर. मग मला प्रशस्तिपत्रक मिळालं, आणि इतर शाळांतल्या शिक्षकांना ही पद्धत समजावायला बोलावलं, तेव्हा ‘नंतर’ इतकं जुनं झालं होतं की त्याला हात लावायचीच लाज वाटू लागली. दुसऱ्याचं न सांगता घेऊ नये हे शिकवण्याबद्दल मला बक्षीस मिळालं, आणि ते शिकवणं मी न सांगता घेतलं होतं.

काका त्या दिवशी आले होते. एकतीस प्रोजेक्टांचे सगळे टॅग त्यांनी एकेक करून वाचले. मग बोर्डासमोर उभे राहून तोही वाचला. माझ्याकडे वळून म्हणाले, “छान झालं, मॅडम.” एवढंच. कोण म्हणालं, केव्हा म्हणालं, काही नाही. त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं बिनटॅगचं वाक्य. हे माझ्या लक्षात आलं ते घरी येऊन साडी बदलताना. पुढच्या शुक्रवारी ते नेहमीसारखे तर्रीची डबी घेऊन आले, आणि त्यानंतर अकरा वर्षं येत राहिले. त्या बोर्डाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. सानिका, तू पहिलीत असताना तुला वाचायला बसवायचे, तेही विनातक्रार.

म्हणून तुझा फोन आला तेव्हा मी तुला “बाळ, कुठून घेतलं ते नेहमी लिहावं” असं सांगितलं खरं, पण तू सहज विचारलंस, “हे तुला कोणी शिकवलं?” आणि मी काहीतरी निमित्त काढून फोन ठेवला. काकांच्या विमानाला चार दिवस उरले होते. मी ड्रॉवरमधून एक जुना टॅग काढला. ‘काय: टॅग पद्धत. कुठून: मीना सलमान.’ ‘कोणी’च्या रकान्यात पेन थांबलं. एकोणीस वर्षांच्या शेजारानंतरही मला त्यांचं पूर्ण नाव माहीत नव्हतं! आजोबांना विचारलं. ते म्हणाले, “आम्ही तर ‘स्टोअर’ म्हणूनच हाक मारायचो.”

मी टॅग घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेले. काका खोक्यांना टॅग बांधत होते. मी सगळं सांगितलं, बसायच्या आधीच. त्यांनी ऐकून घेतलं आणि सुतळीची गाठ मारून झाल्यावर म्हणाले, “बोर्ड मी वाचला होता जी.”

“मग त्याच वेळी बोलला का नाहीत हो?”

“मी कसा बोलणार? ज्यानं माल उचलला, त्यानं टॅग बांधायचा. स्टोअरकीपर मागं धावत नाही.” मग माझा चेहरा बघून घाईने म्हणाले, “पण पोरं बांधून राहिली होती ना टॅग. मी तेवढंच पाहिलं, मॅडम.”

मी त्यांचं नाव विचारलं. त्यांनी सावकाश, तीन शब्दांत सांगितलं आणि मी लिहिलं. मग टॅग हातात घेऊन ते हसले. “अर्धाच झाला. ही पद्धत माझी नाही जी. मी बावीस वर्षांचा होतो, बोल्ट कुठंही फेकत होतो. आमचा पहिला फोरमन, केरळचा म्हातारा, त्यानं माझ्या मनगटाला टॅग बांधला आणि म्हणाला, आता हरवून दाखव. त्याचं नाव लिहा. माझ्यावर थांबू नका.” त्यांनी ते नाव स्वतःच्या अक्षरात खाली लिहिलं. त्याच्या वरती कोण, ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून तिथे लिहिलं, ‘पुढे माहीत नाही.’

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. नवीन मुख्याध्यापिका तरुण आहेत, माझ्याच वर्गातून शिकून गेलेल्या मुलीची बहीण. त्या म्हणाल्या, “मॅम, कशाला? पद्धत तुमची आहे, एव्हरीबडी नोज दॅट.” मी म्हटलं, “म्हणूनच.” त्यांनी स्टूल आणून दिलं. गुडघे दुखत असतानाही मीच चढले आणि बोर्डाच्या खिळ्याला सुतळीने टॅग बांधला. संध्याकाळी काकांना फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून गाठ तपासली. “गाठ बरोबर आहे,” म्हणाले. आणि पुढे जोडलं, “मी म्हणून राहिलो.”

आता शुक्रवारी उमरेडहून फोन येतो आणि आधी तिथल्या उन्हाची बातमी कळते, कुणी सांगितली त्याच्या नावासकट. पोहे आम्ही दोघंच खातो. आजोबांना तर्रीची सवय लागली आहे, ती मला नीट जमत नाही. काकांचं पूर्ण नाव मी इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. तुम्ही सुट्टीत याल तेव्हा लायब्ररीत जाऊन वाचा. त्यांनी जाताना कोऱ्या टॅगचा एक गठ्ठा माझ्याकडे ठेवला. त्यातले वीस या पत्रासोबत पाठवते आहे. सानिका, बाईंना प्रोजेक्ट परत देताना वापर.

चौथीची मुलं अजून टॅग लावतात. बोर्ड अजून तिथेच आहे, त्याखाली टॅग आहे, आणि टॅगवरची दोन्ही नावं वाचता येतात.