माहेरचा झेंडा

आमचे बाबा राष्ट्रांच्या संघटनेच्या कचेरीसमोर एकतीस झेंडे चढवायचे. दर शनिवारी ते धुवायला घरी आणायचे आणि आई त्यांना इस्त्री करायची. तिच्या माहेरच्या देशाचा झेंडा ती सगळ्यात आधी हातात घ्यायची.

परवा त्या देशाला संघटनेतून काढून टाकलं. झेंडा उतरवला बाबांनीच.

"नाही म्हणायची माझी काय बिशाद!" ते माझ्यावर खेकसले. मी तर अवाक्षरही काढलं नव्हतं. तेव्हापासून ते आईच्या नजरेला नजर देईनात.

शनिवारी आईनं गठ्ठा सोडला. "आमचा कुठंय?"

"फाटलाय. शिवायला दिलाय," बाबा जमिनीकडे बघत म्हणाले.

बातमी आईनं केव्हाच ऐकली होती. तिनं इस्त्री बंद केली.

"घरात मी असताना शिंप्याकडे कशाला? आणा इकडे, मीच शिवते."