दुसऱ्या घाण्याची लोकर

विल्मा फ्लेटच्या दुकानातून मी लोकर फारशी घेतली नाही, पण त्या दुकानातली एक खुर्ची मात्र मी एकटीने झिजवली. हीटरशेजारची, रस्त्याकडे तोंड केलेली. तिथे बसलं की बेकरीतून बटरी, म्हणजे आमचे चपटे पाव, घेऊन कोण निघालं, किती घेतल्या, घरात दोनच माणसं असताना तिसरी कुणासाठी, हे सगळं आपोआप कळतं. टपालवाला कुणाच्या दाराशी किती वेळ रेंगाळतो, तेही.

विल्माची आई हेरिंगच्या हंगामामागे बंदरोबंदर फिरणाऱ्या बायकांतली. मासे आले की हातात सुरी, नाहीतर सुया. विल्मा शाळा सुटल्यावर मासळीच्या कारखान्यात लागली, तिथल्या बर्फाने बोटं सुजायला लागली म्हणून म्हाताऱ्या मिस मेअरच्या लोकरीच्या दुकानात आली आणि तिथलीच झाली. मिस मेअर गेली तेव्हा दुकान विल्माच्या नावावर निघालं आणि मिस मेअरच्या भाच्याचं तोंड महिनाभर आंबट होतं. लग्न विल्माने केलं नाही. डॉड रीड सुतार दर रविवारी तिच्याकडे सूप प्यायला जायचा, अजून जातो. सूप चांगलं असतं, एवढंच तो सांगतो. मी विचारायचं सोडलेलं नाही.

आमच्या या किनाऱ्यावर कोळ्याच्या अंगात गँझी असते, म्हणजे लोकरीचा स्वेटर. निळीशार, घट्ट विणीची, वारा आत शिरणार नाही अशी. एक गँझी विणायला बाईचा अख्खा हिवाळा जातो आणि लोकर इतकी लागते की एकदम घेणं कुणाच्याच्याने होत नाही. म्हणून मिस मेअरच्या वेळेपासून या दुकानात एक रीत होती. तुम्ही माणसाचं माप सांगायचं, विल्मा तेवढे लोकरीचे गुंडे एकाच घाण्यातले काढून मागच्या फळीवर तुमच्यासाठी ठेवून द्यायची. तुम्ही जमेल तसा एकेक गुंडा न्यायचा. लोकर रंगते ती कढईत, आणि दुसरा घाणा लावला की निळा तोच राहत नाही. दिव्याखाली कळत नाही. दारात, उजेडात नेलं की कोपरापाशी पट्टा दिसतो, आणि तो पट्टा माणूस घालतो तितकी वर्षं गावाला दिसतो. म्हणून बाजूला ठेवलेला गुंडा विल्मा दुसऱ्या कुणाला देत नसे, कितीही गळ घातली तरी. कुणाचा गुंडा ते ओळखायला गुंड्याभोवतीच्या कागदी पट्टीच्या आतल्या अंगाला ती पेन्सिलीने नाव लिहायची. बाहेरून लिहिलं तर पट्टी घाण दिसते, असं तिचं म्हणणं.

आता तुम्ही म्हणाल, दुकान छानच चाललं असेल. दुकानात लोक यायचे, हे खरं. बाहेरगावच्या बायका यायच्या, लोकर गालाला लावून बघायच्या, विल्माला अर्धा तास नमुना विचारायच्या, पट्टीचा फोटो काढायच्या आणि गोड हसून निघून जायच्या. घरी जाऊन तीच लोकर मोबाइलवरून मागवायच्या. विल्माला ते कळत होतं. ती म्हणायची, "बघू दे. माझ्या गुरुवारच्या बायका आहेत."

गुरुवारच्या बायका म्हणजे दुपारी दुकानातल्या लांब टेबलाभोवती विणायला बसणारं टोळकं. त्यांची म्होरकी एल्सपेट स्लेटर. तिच्यासारखा हात अख्ख्या किनाऱ्यावर नाही, आणि हे तिला कुणी सांगावं लागत नाही. तिच्या शेजारी जीनॅन, जी घाबरली की टाके सोडते आणि नेहमी घाबरलेली असते. बाकीच्यांची नावं सांगत नाही, त्या सगळ्या एल्सपेट शिंकली की रुमाल काढणाऱ्या.

त्या वर्षी शरदात दुकानाचा करार संपत होता. घरमालक रन्सीने भाडं वाढवलं आणि पुढच्या पाच वर्षांचं पक्कं उत्तर मागितलं. विल्माने ठरवलं, कोळीवाड्यातलं आईचं घर विकायचं, दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायचं आणि करार करायचा. घराला गिऱ्हाईकही आलं होतं, एडिनबराचं, सुट्टीत येऊन राहणारं. गुरुवारी पाचला रन्सी फोन करणार होता.

हे तिने मला सोमवारी सांगितलं. आणि मला एक गोष्ट ठाऊक होती जी तिला नव्हती.

गेलं वर्षभर टपालवाला एल्सपेटच्या दारात गुबगुबीत पाकिटं टाकत होता. "काय असतं रे त्यात?" मी त्याला विचारलं होतं. "मला काय ठाऊक? मऊ असतं," तो म्हणाला. मऊ काय असतं ते मला सांगायला नको. मी त्याच दिवशी एल्सपेटकडे चहाला गेले होते, न बोलावता.

तिने लपवलं नाही. लपवून उपयोगही नव्हता, पाकीट खुर्चीवर उघडंच पडलं होतं.

"अर्ध्या किमतीत येते, बेला. माझा नातू बघितलास ना? दारातून वाकून येतो. त्याच्या एका गँझीत माझी पेन्शन जाते."

"मग विल्माला तसं सांग."

"काय सांगू? तुझ्या टेबलावर बसते, तुझा चहा पिते आणि लोकर दुसऱ्याची विणते?"

"मग टेबलावर बसू नकोस."

"आणि गुरुवारी जाऊ कुठे?" एल्सपेट म्हणाली. "जिम गेल्यापासून मला तेवढं एकच बाहेर पडणं आहे."

जिम म्हणजे तिचा वारलेला नवरा. मग तिने कपाटातून बिस्किटांचा डबा काढला. डब्यात विल्माच्या दुकानातल्या जुन्या कागदी पट्ट्या. कुठली बाई पट्टी फेकते? टाका चुकला, लोकर कमी पडली, तर पट्टीवरचा घाण्याचा आकडा लागतो. त्या जुन्या पट्ट्या एल्सपेट टपालाने आलेल्या गुंड्यांवर चढवत होती. जीनॅनलाही तिने तेच शिकवलं होतं आणि बाकीच्यांनाही. फळीवरचं आपलं नाव तसंच ठेवायचं, आधी नेलेले गुंडे संपवतेय म्हणायचं, आणि आठवड्यातून एखादीने विल्माकडून बटणं किंवा सुई घ्यायची, म्हणजे संशय नको.

"फसवायचं म्हणून नाही गं," ती म्हणाली. "तिला वाईट वाटू नये म्हणून."

माझ्याकडे संगणक नाही आणि माझी बोटं कधीचीच वाकडी झाली आहेत, त्यामुळे या बाबतीत माझ्याइतकी निष्ठा कुणाची नव्हती. पण आता प्रश्न वाईट वाटण्याचा नव्हता. बाई घर विकायला निघाली होती, त्या टेबलाच्या भरवशावर.

बुधवारी मी विल्माला गाठलं. ती काचेतली लोकर पुसत होती.

"विल्मा, घराची एवढी घाई करू नकोस."

"का, तुला हवंय का?"

"मला काय करायचंय. मी म्हणते, गुरुवारच्या बायकांवर किती मदार ठेवायची, त्याही म्हाताऱ्या झाल्या..."

"मावशी," ती म्हणाली, फडका हातातच, "डॉडबद्दल बोल, माझ्या केसांबद्दल बोल, तुझ्याकडून सगळं ऐकून घेते. माझ्या गिऱ्हाइकांबद्दल नाही."

मी दाराबाहेर पडले तर समोर एल्सपेट उभी. तिने सगळं काचेतून पाहिलेलं होतं.

"काय सांगितलंस?"

"सांगू दिलं नाही."

"बरं झालं. तू सांगितलंस तर तिचं मन मोडेल, आणि मोडणारी तू असशील."

"आणि घर गेल्यावर?"

"आम्ही ठरवलंय. आजपासून सगळ्या तिच्याकडूनच घेणार."

"अगं, हे आधी ठरवायचं ना."

"आधी कुठे ठाऊक होतं ती घर विकणार आहे ते? काल तू सांगितलंस तेव्हा कळलं." असं म्हणून ती ताडताड निघून गेली.

गुरुवारी ईशान्येचा वारा सुटला होता, दुकानाचं दार आतून कडी लावली तरी वाजत होतं. विल्माने चांगलं कार्डिगन घातलं होतं. टेबलावर शॉर्टब्रेडची बशी. सगळ्या आल्या, वेळेच्या आधीच आल्या, आणि ज्यांचं तोंड एरवी बंद व्हायचं नाही त्या सुयांकडे बघत बसल्या. मी माझ्या खुर्चीत.

चहा ओतून झाल्यावर विल्मा म्हणाली, "एक सांगायचंय. पाचला रन्सीचा फोन येईल. मी हो म्हणणार आहे."

सुयांचा आवाज तेवढा वाढला.

"घर जाईल. जाऊ दे. मिस मेअर मला म्हणाली होती, तुझ्या फळीवर लोकांची नावं आहेत तोवर दुकान तुझं. माझ्या फळीवर अजून नावं आहेत." मग हसून, "तुमचीच."

जीनॅनचे टाके सुटले. अख्खी ओळ सुटली. ती खाली वाकली, तिच्या मांडीवरचा गुंडा घरंगळत विल्माच्या पायाशी गेला. विल्माने उचलला. तिने तो न बघता जीनॅनच्या हातात दिला आणि म्हणाली, "तुला काय झालंय आज? घर माझं जातंय."

एल्सपेट म्हणाली, "विल्मा, विचार करून सांग त्याला. एक वर्षाचं माग."

"एका वर्षाचं देत नाही तो."

"मग थांबायला सांग."

"एल्सपेट, सगळ्यांत आधी तू खूश होशील असं मला वाटलं होतं."

एल्सपेटने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि सुई फिरवताना तिच्या कोपराचा धक्का लागला. तिचा गुंडा टेबलावरून पडला आणि थेट हीटरपाशी, माझ्या पायाजवळ. पट्टी मूळच्या बारीक गुंड्याची होती, जाड गुंड्यावर ताणून बसवलेली. ती फाटली आणि वेगळी होऊन उलटी पडली. मी पाय पुढे केला, झाकायला. पण विल्मा माझ्यापेक्षा तरुण आहे.

तिने पट्टी उचलली. आतली बाजू वर होती.

घड्याळ पाचाकडे चाललं होतं. दार वाजत होतं.

"जिम," विल्माने वाचलं. मग एल्सपेटकडे बघितलं. "ही जिमच्या गँझीची पट्टी आहे."

एल्सपेटने सुया मांडीवर ठेवल्या.

"ती गँझी तर आपण त्याच्याबरोबर पुरली," विल्मा म्हणाली.

विल्मा गुंडा घेऊन दाराशी गेली. कडी काढली, वारा आत घुसला, टेबलावरचे नमुन्यांचे कागद उडाले, कुणीही उचलले नाहीत. तिने गुंडा उजेडात धरला. फार वेळ लागला नाही. दार लावून ती परत आली, गुंडा एल्सपेटपुढे ठेवला.

"हा निळा माझ्या दुकानातला नाही."

मग ती टेबलाभोवती फिरली. कुणाला काही विचारलं नाही, नुसता हात पुढे केला. एकेकीने आपापली पट्टी काढून दिली. ती प्रत्येक पट्टी उलटी करून वाचत होती, हळू आवाजात, हजेरी घेतल्यासारखी. "आयलीन. ही कॅनडाला गेली. मिसेस पॅटरसन. वारली. अॅलेकचा धाकटा. त्याची गँझी मी स्वतः पुरी केली होती." जीनॅनपाशी आली तर जीनॅनने पट्टी मुठीत धरून ठेवलेली. विल्माने हलकेच मूठ उघडली. पट्टीवर जीनॅनचंच नाव होतं, जुनं. "एवढी तरी तुझी," विल्मा म्हणाली.

फोन वाजला.

तो भिंतीवरचा फोन आहे, घंटीवाला. तीनदा वाजला. एल्सपेट उठून उभी राहिली. "विल्मा, आम्ही पुढे तुझ्याकडूनच—"

"बस खाली."

विल्माने फोन घेतला. "हो, मिस्टर रन्सी. हो, विचार केला." ती पाठमोरी होती. कार्डिगनचा एक खांदा वर गेला आणि खाली आला. "नाही. घेत नाही. महिनाअखेर किल्ली देते. नाही, भाड्याचा प्रश्न नाही."

फोन ठेवून तिने चहाची किटली हलवून बघितली, रिकामी होती.

जीनॅन रडायलाच लागली. "आमच्यामुळे?"

"तुमच्यामुळेच," विल्मा म्हणाली. "नाहीतर घर विकून पाच वर्षं तुम्हाला सुया आणि बटणं विकत बसले असते. बरं झालं."

तिने खरंच बरं झालं म्हटलं की टोमणा मारला, ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही. मला सहसा ठरवता येतं.

मग एकीने, मी नाव सांगत नाही, विचारलं, "मग पुढच्या गुरुवारी आम्ही..."

"जिथून लोकर आली तिथे बसा," विल्मा म्हणाली.

सगळ्या उठल्या. पिशव्या भरल्या. पट्ट्या टेबलावरच राहिल्या, नावं वर. एकेक करून बाहेर गेल्या. एल्सपेट शेवटी राहिली. मी खुर्चीखाली काहीतरी शोधत होते, असं समजा.

"मला तुला दुखवायचं नव्हतं," एल्सपेट म्हणाली.

"ठाऊक आहे. म्हणून तर मला कळायला इतका उशीर झाला."

"तू रागावून चार शब्द बोल तरी."

"रागावले असते तर परत ये म्हणाले असते." विल्मा कपबशा गोळा करत होती. "नातवाची बाही किती राहिलीय?"

"अर्धी."

"तिकडूनच मागव. माझ्याकडची जुळणार नाही."

एल्सपेट गेली. मग विल्मा वर न बघता म्हणाली, "मावशी, जे शोधतेस ते सापडलं असेल तर तूही नीघ."

बाहेर सगळ्या फुटपाथवर वाऱ्यात उभ्या होत्या, पिशव्या छातीशी धरून. "काय म्हणाली?" त्यांनी मला घेरलं. मी सांगितलं, सगळं, आणि थोडं माझ्या पदरचंही. एरवी मधेच कुणीतरी हसलं असतं. मग एकीने वाऱ्याबद्दल काहीतरी म्हटलं, दुसरीने उद्याच्या बसबद्दल. एल्सपेट दुकानाच्या काचेकडे पाठ करून उभी होती. आत दिवा मालवला, तरी कुणी घरी जायला हलेना, आणि गुरुवारचं कुणीच काढेना.