वहिनीचा प्रश्न घेऊन श्रीगोंद्याला

बाहत्तरच्या दुष्काळात मी श्रीगोंद्याला गेलो. ना देवदर्शन, ना लग्न. वहिनीचा एक प्रश्न होता.

आम्ही अलिबागकडचे ज्यू, बेने इस्राएल. भाऊबंद एकेक करून इस्राएलला गेले, थोरला भाऊही. तिथं त्यानं रूथशी लग्न केलं. ती हॉलंडची. जर्मनांनी तिचा देश बळकावला तेव्हा एका शेतकऱ्यानं तिला नि तिच्या आईबापांना गोठ्यामागच्या खोलीत लपवलं होतं. आई तिथंच तापानं गेली. आमच्यात मेलेल्यासाठी कद्दीश ही प्रार्थना म्हणतात, पण तिला दहा पुरुष लागतात. आईसाठी ती कुणी म्हटली का, हे रूथला बापानं कधी सांगितलं नाही, आणि आता तोही नव्हता. शेतकऱ्याची मुलगी मात्र नर्स होऊन श्रीगोंद्यापलीकडच्या मिशनच्या दवाखान्यात होती. भावानं लिहिलं, "समोर बसून विचार. रूथला पत्रात विचारायचा धीर होत नाही."

मला तरी कुठं धीर होता? माझे बाबा त्याच दुष्काळाच्या साली गेले, आणि गावात आम्ही तीनच पुरुष उरलेले. त्यांचीही कद्दीश राहिलीच होती.

दौंडला रेल्वेतून उतरलो, पुढं एसटी. तुम्ही आता गाडीनं आरामात जाल. तेव्हा धुळीनं माझ्या मिशा पांढऱ्या झाल्या. रस्त्याकडेला दुष्काळी कामावरची माणसं खडी फोडत होती. श्रीगोंद्याच्या स्टँडवर लाल मिलोची, म्हणजे रेशनवर आलेल्या परदेशी ज्वारीची भाकरी नि ठेचा खाल्ला. घशाखाली उतरेना, पण मिळतेय हेच खूप होतं. पुढं बैलगाडी. गाडीवानानं विचारलं, "पावनं, घरी कोन कोन?" मी म्हटलं, "मीच." मग त्यानं नुसते बैल हाकले. उगाच खरं बोललो असं वाटलं.

शेतकऱ्याची ती मुलगी, मारीसिस्टर, निळ्या डोळ्यांची, नि बोलणं अस्सल श्रीगोंद्याचं. "रूथचा दीर व्हय? बस की! लई वाळलाय." चहा होईपर्यंत मी इकडचं तिकडचं बोललो आणि शेवटी विचारलंच.

तिनं कप खाली ठेवला. "म्हनली की कद्दीश. तिचा बाप म्हनला, दहा मानसं लागतात. घरात तो, माजे आईवडील, भाऊ नि मी. बाहेरनं कुनाला बोलवावं, तर बोभाटा होऊन समदेच मेलो असतो. मग माज्या वडलांनी खुर्च्या आनल्या. कमी पडल्या तवा दूध काढायची तिवई बी मांडली. म्हनले, जे येऊ शकत न्हाईत त्यांची ही जागा."

"पण धर्मात बसतं का हे?"

"मला काय ठाव? तो रडत म्हनला, आन आमी आमेन म्हनलो."

"आणि रूथ?"

"माज्या मांडीवर. झोपली हुती."

मला रडू आवरेना. तिनं माझ्यापुढं आणखी एक कप सरकवला.

श्रीगोंद्याहून भावाला तार केली: कद्दीश झाली, रूथ तिथंच होती.

त्या प्रवासातली धूळ गेली, भाकरीची चव गेली, गाडीवानाचं नावही गेलं. राहिली ती तिवई. आजही सिनॅगॉगमध्ये एकटाच जातो तेव्हा आठवते.

घरी आलो त्या शनिवारी सिनॅगॉगमध्ये आम्ही नेहमीचे तिघं. "सात कमी," दाऊदकाका म्हणाले आणि टोपी काढून निघायला लागले. मी घरी गेलो, आईच्या वेळचे जेवणाचे पाट उचलून आणले नि मांडले. सात.

"हे काय रे खूळ?"

"बसा ना, काका. बाबांसाठी."

त्यांनी बोटानं एकेक पाट मोजला. मग त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली.