डीजेवाला घरी काय ऐकतो?

कादंबरी लिहायला घेतली की कादंबरी राहते बाजूला, किस्सेच साठत जातात. माझ्या कादंबरीतली सगळी माणसं गाण्याची वेडी, अन् मला त्यांच्या गाण्यांतलं ओ की ठो कळत नाही! म्हणून मोटारसायकल काढून धाराशिव जिल्हा पालथा घालतोय. घरी बूड म्हणून टेकत नाही. बायको म्हणते, "मिक्सर म्हटलं की तुम्हाला चटणी आठवते, अन् निघालात डीजेवर लिहायला!"

*

पहिला गाठला तामलवाडीचा डीजेवाला बंडू. त्याच्या भिंतीएवढ्या स्पीकरपुढं उभा राहिलो, तर शर्टाची बटणं थरथरायला लागली. "लोकांना यात काय आवडतं रे?" मी ओरडून विचारलं.

"सर, हे कानानं न्हाय, बरगडीनं ऐकतेत!"

"अन् तू घरी काय ऐकतोस?"

"घरी? घरी म्या फॅनबी बंद करतो!"

माझा डीजेवाला नायक पहिल्याच पानावर घरात दणदणीत गाणी लावून बसला होता. गेलं ते प्रकरण!

*

मुरुमला एका वरातीत बँडच्या मास्तरांनी क्लॅरोनेटवर एक चाल फुंकली. नवरीकडचे कर्नाटकातले, म्हणाले, हे आमचं कानडी गाणं! नवऱ्याकडचे हट्टाला पेटले, छट्, मराठी! दोन्हीकडचे ईर्ष्येनं नाचायला लागले. मी मास्तरांना हळूच विचारलं, "खरं कुणाचं?"

"गाणं अजून सुरूच केलं न्हाय, सर. क्लॅरोनेट नीट वाजतंय का बघायलो!"

*

उमरग्याच्या एका रॅपरला मी माझ्या पात्रासाठी लिहिलेला रॅप दाखवला. त्यानं मन लावून वाचला. "यमक लई भारी, सर. शाळेच्या गॅदरिंगला चालंल!"

*

रंजनाताई अंगणवाडीत आहेत अन् भीमगीतं गातात. त्यांना माझं गायिकेचं प्रकरण वाचून दाखवलं.

"तुमची बाई गाताना रडती कशाला?"

"भावना अनावर होऊन..."

"ओ सर, माईक हातात असताना रडायला सवड कुठाय? ढोलकीवाला लय सोडून पळायलाय का, कोरस झोपलाय का, हे कोण बघणार? रडायचं ते समोरच्यांनी!"

घरी पोचतोय तोवर त्यांचा फोन. "अन् तिला फाटकी साडी कशापायी? आमी स्टेजवर इस्त्रीची नेसतो!"

*

बेंबळीची मयूरी धाराशिवला मेडिकल दुकानात कामाला आहे. ती हेवी मेटल, म्हणजे दणदणाटी इंग्रजी रॉक, ऐकते. तिच्या मते अख्ख्या जिल्ह्यात ती एकटीच! तिच्या काळ्या टी-शर्टवर कवटी आहे, म्हणून आई तो उलटा करून वाळत घालते. पुण्याला एका कार्यक्रमाला जाते म्हणाली, वडलांनी नाही म्हटलं, तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद.

मी त्यांच्या अंगणात बसून तिला प्रश्न विचारत होतो. गोठ्यापाशी कडबा तोडणारे तिचे वडील, आबा, एकदम हात झटकत आले. "सर एवढ्या लांबून विचारायला आले, मंजी हाय तरी काय त्यात? दे इकडं."

मयूरीनं हेडफोन दिला. आबांनी टोपी काढून तो कानाला लावला अन् गाणं संपेपर्यंत जागचे हलले नाहीत.

"हा मानूस एवढा का वरडायलाय?" त्यांनी लेकीला विचारलं. "घरात त्याचं कुणी ऐकत न्हाय का?"

"न्हाय, आबा."

आबांनी हेडफोन परत कानाला लावला अन् तिला हातानं खूण केली, पुन्हा लाव.