सम तारखेचा ओटा

पालिकेच्या बांधकाम विभागात काम करणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते स्वतःच अर्ज घेऊन येतात, खुर्ची ओढून बसतात आणि "साहेब, फक्त दोन मिनिटं" म्हणून तासभर उठत नाहीत! गेल्या दोन वर्षांत तर एकट्या मेन रोडने इतके किस्से दिले, की टपरीवरचे मित्र मला बघितलं की विचारतात, "काय साहेब, आज रस्ता काय म्हणाला?"

आमचं गाव जळगाव आणि धुळ्याच्या मधलं. नाव सांगत नाही, कारण माझी नोकरी अजून बाकी आहे. बसस्टँडपासून सरकारी दवाखान्यापर्यंतचा हा मेन रोड कागदावर चाळीस फुटी. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंनी घरांचे-दुकानांचे ओटे पुढे आलेले, ओट्यांपुढे मोटरसायकली आणि मधून जिनिंग मिलकडे निघालेले कापसाचे ट्रॅक्टर. उरलेल्या फटीतून गाव जायचं.

मग पालिकेने ठराव केला. रस्त्यावर आलेले ओटे काढायचे आणि पार्किंग सम-विषम करायचं. म्हणजे सम तारखेला गाड्या एका बाजूला, विषम तारखेला दुसऱ्या. ऐकायला किती सोपं!

*

या ठरावामागे सगळ्यात जास्त हट्ट होता आमच्या मुकादमांचा, म्हणजे नानांचा. मोजणी करणं, पट्टे मारणं, मजुरांची गँग सांभाळणं हे सगळं नानांकडे. त्यांची नात याच रस्त्यावर जन्मली. मुलीला दवाखान्यात नेताना रिक्षा ट्रॅफिकमध्ये अडकली, आणि बाळ काही थांबायला तयार नव्हतं!

दोघीही सुखरूप राहिल्या. नाना पेढे घेऊन आमच्याच इमारतीतल्या जन्मनोंदणीच्या टेबलावर गेले. क्लार्कने पेन उचलून विचारलं, "जन्मस्थळ काय लिहू, नाना?"

नाना त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "लिही, पालिकाना समोर, ट्रॅफिकमा!"

सगळं ऑफिस हसलं. नानाही हसले. पण त्या दिवसापासून ते मला रोज एकच विचारायचे, "साहेब, ठराव कधी?"

*

ठराव झाला आणि मोजणी सुरू झाली. आता आमची टेप म्हणजे एक वेगळंच प्रकरण आहे. तिचा पहिला फूट केव्हाच तुटलाय. त्यामुळे आकडा वाचायचा आणि त्यातून एक वजा करायचा, हे विभागात सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं.

नाशिकहून नवीन आलेल्या इंजिनिअरला हे सांगायचं मात्र राहून गेलं! त्याने रस्त्याच्या मध्यापासून टेपवर वीसचा आकडा बघितला आणि दिवसभर लाल खुणा करत गेला. संध्याकाळी खुशीत सांगायला आला, "सर, एकाही दुकानदाराने तक्रार केली नाही. उलट दोघांनी चहा पाजला!"

नाना ताडकन उठले. "तक्रार नही? मंग मोजणी चुकनी!"

दुसऱ्या दिवशी नानांनी एक वजा करून सगळ्या खुणा एकेक फूट मागे, दुकानांच्या बाजूला सरकवल्या. दुपारपर्यंत ऑफिसात पन्नास माणसं भांडायला आली. नाना त्या गर्दीकडे समाधानाने बघत म्हणाले, "आते बरोबर शे!"

*

सराफ रतनशेठ आमचे सगळ्यात जोरदार विरोधक. त्यांनी मुख्याधिकारी मॅडमना तोंडावर सुनावलं, "तुमच्या मुकादमाचा ओटा याच रस्त्यावर आहे. तो आधी तोडा, मग माझ्या दुकानाकडे या."

मॅडम काही बोलायच्या आत नाना म्हणाले, "उद्या सकाळी या, शेठ. चहा प्यायला या."

तो ओटा नावाला नानांचा होता. खरा तो अक्कांचा, म्हणजे नानांच्या बायकोचा. गल्लीतल्या बायकांची रोज संध्याकाळची बैठक तिथेच. भाज्या तिथे निवडल्या जायच्या, लग्नं तिथे जमायची आणि नगरसेवकही तिथेच पडायचे!

सकाळी नानांनी स्वतः लाल खूण केली. अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, "एक वजा करेल शे ना?"

"करेल शे," नाना म्हणाले आणि पहिला घण त्यांनीच घातला. रतनशेठ चहाचा कप हातात धरून बघत राहिले. त्यांचा चहा थंड झाला. दुपारी त्यांनी आपल्या दुकानाच्या पायऱ्या स्वतःच माणसं लावून काढून घेतल्या. मला त्या दिवशी आमच्या खात्याचा फार अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

घरी मात्र नानांचं काही खरं नव्हतं. अक्का रडल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. फक्त म्हणाल्या, "रस्ता रुंद व्हयना, चांगलं व्हयनं. आते मी कोठे बसू?" पुढचा आठवडाभर त्यांच्या डब्यात नुसती खिचडी होती. शेवभाजीचं नाव नाही!

*

ओटे गेले, पांढरे चौकोन मारले, सम-विषम चालू झालं. पहिला महिना छान गेला. दुसऱ्या महिन्याच्या एक तारखेला रतनशेठ कॅलेंडर घेऊनच आले.

"काल एकतीस, विषम. आज एक, तीही विषम! लागोपाठ दोन दिवस गाड्या माझ्याच दुकानासमोर. गिऱ्हाईक आत काय उडून येणार?"

खरं सांगतो, ठराव लिहिताना आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं! सभेत विषय निघाला. आमचे सगळ्यात ज्येष्ठ नगरसेवक आबा बराच वेळ डोळे मिटून ऐकत होते. ते उठून म्हणाले, "त्यात काय एवढं? एकतीस तारीख रद्द करा!"

सभागृह हसून लोटपोट. पण मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तिथल्या तिथे लिहून घेतलं: एकतीस तारखेला दोन्ही बाजूंना पार्किंग बंद, त्या दिवशी रस्ता धुवायचा. तेव्हापासून एकतीस तारखेला मेन रोड असा चकाचक असतो, की जळगावचे पाहुणे आले तर मी त्यांना मुद्दाम तिकडून फिरवून आणतो!

*

रस्त्यावरच्या शाळेतल्या बाई सांगत होत्या, फळ्यावर तारीख लिहायला त्यांनी पोरांना विचारलं, "आज काय तारीख?" पोरं खिडकीतून वाकून बघून म्हणाली, "गाड्या पलीकडे आहेत बाई. विषम काहीतरी!"

*

आणि एक दिवस अँब्युलन्सचा ड्रायव्हर ऑफिसात आला. एका खेड्यातून बाळंतपणासाठी बाईला घेऊन आला होता. म्हणाला, "साहेब, बसस्टँडजवळ वळलो आणि घाबरलो. रस्ता इतका मोकळा, मला वाटलं चुकून दुसऱ्या गावात शिरलो!"

नाना शेजारीच उभे होते. त्यांनी बाळंतिणीची चौकशी केली. मुलगा झाला होता, दवाखान्यातच. नाना बाहेर गेले आणि पेढे घेऊनच आत आले.

*

आता सगळ्यात भारी किस्सा.

गेल्या महिन्यात ट्रॅफिक हवालदाराचा फोन आला. "साहेब, मेन रोडला या. पार्किंगमध्ये खाट लागलीय!"

मी, मॅडम आणि रंगाचा डबा घेतलेले नाना, आम्ही चौकातल्या कामावरच होतो. तसेच निघालो. नानांच्या घरासमोर पांढऱ्या चौकोनात खाट टाकलेली. तिच्यावर अक्का आणि दोन शेजारणी मेथी निवडत बसलेल्या. दोन्हीकडे मोटरसायकली ओळीत उभ्या.

हवालदार रडकुंडीला आलेला. "अक्का, इथे फक्त पार्किंग!"

"मंग? मी बी पार्कच करेल शे ना! आज सम तारीख शे. मनी बाजू शे."

नाना माझ्यामागे लपले. मॅडम पुढे गेल्या. खाटेभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून पट्टा बघितला. आता नोटीस निघणार, असं मला वाटलं. मॅडम सरळ उभ्या राहिल्या आणि ऑफिसच्या आवाजात मला म्हणाल्या, "हा चौकोन लहान मारलाय तुम्ही. अक्कांचे पाय बाहेर येताहेत."

मी नानांकडे बघितलं. नानांनी डबा उघडला, गुडघ्यांवर बसले आणि खाटेभोवती नवा पट्टा मारायला लागले.

"आखो थोडा मोठा मार," अक्का मेथीची जुडी सोडत म्हणाल्या. "उद्यापासून कमलबाई बी येनार शे."

नाना मान वर न करता म्हणाले, "उद्या विषम शे. उद्या आठे पार्किंग नही."

"माहीत शे. उद्या आम्ही समोर, रतनशेठना दुकानसमोर बठसूत. तठे बी एक मोठा चौकोन मारी ठेव."

नानांनी मॅडमकडे बघितलं, डबा उचलला आणि रस्ता ओलांडला.